डिश घेण्याआधी माडाची उंची मोजा

देवगड-राजापूरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या घराला मोकळं आभाळ आयतं मिळतं. खाली व्हाळाकाठी, माडा-पोफळींच्या बागेतल्या घराला तेच आभाळ झावळ्यांमधून शोधावं लागतं. म्हणून सॅटेलाइट इंटरनेट परवडेल का, हे महिन्याच्या दरावरून कळत नाही, जागेवरून कळतं.

त्याआधी डिश खरंच लागणार आहे का ते बघा. छपरावर 4जीची एखादी कांडी येत असेल तर सिमचा राउटर आणि बाहेर लावायचा अँटेना पुष्कळ स्वस्तात काम भागवतो. ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर आली असेल तर तिथेही चौकशी करा. हे दोन्ही नसेल तरच पुढे.

भूस्थिर, म्हणजे आभाळात एकाच जागी दिसणारा उपग्रह जवळपास 36,000 किमीवर असतो. सिग्नल जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. मेल, यूपीआय, सातबारा काढणं ठीक चालतं, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. स्टारलिंक या कंपनीचे उपग्रह 550 किमीच्या आसपास फिरतात, त्यामुळे तो त्रास नाही. तिला जून 2025 मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. पण आपल्या पत्त्यावर जोडणी मिळते, असं कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर दिसल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका. आखातातून किंवा बोटीवरून कुणी किट आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदा आहे.

आता माड. 74 अंश पूर्वेचा भूस्थिर उपग्रह रत्नागिरीहून जवळजवळ नीट दक्षिणेला, सुमारे 70 अंश उंचीवर दिसतो. दक्षिणेचा माड डिशपेक्षा 11 मीटर उंच असेल तर खोड डिशपासून 4 मीटर दूर असलं तरी हिशेबात बसतं. मात्र झावळी चार-पाच मीटर पसरते आणि वाऱ्यात झुलते, म्हणून 9-10 मीटर सोडा. स्टारलिंकसारख्या डिशला माथ्यापासून चहूकडे 50 अंश आभाळ लागतं, उत्तरेचं तर नक्कीच. तिथे त्याच माडाचं खोडच 13 मीटर दूर हवं, झावळ्या वेगळ्या. बागेतल्या घराला म्हणूनच कधी कधी भूस्थिर उपग्रहाची जुनी, संथ सेवाच बरी पडते.

डिश कौलांवर नको. चिऱ्यातही नको, जांभा मऊ असल्याने फास्टनर सैल होतो. खळ्याच्या कडेला दोन इंची जीआय पाइप अडीच फूट काँक्रीटमध्ये गाडा. नटबोल्ट 316 ग्रेड स्टेनलेसचे घ्या, साधे खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतात. केबल पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर आणि वानर दोघांसाठी.

जुलैत मोठी सर आली की सिग्नल जाणारच. केए आणि केयू हे उपग्रहाच्या लहरींचे दोन पट्टे (बँड), त्यात केएचा केयूपेक्षा आधी जातो. विकणाऱ्याला बँड विचारा आणि त्या बँडला एक माप मोठी डिश मिळत असेल तर ती घ्या. सर चालू असताना डिश मात्र हलवू नका. एक-दीड अंश सरकली की पाऊस थांबल्यावरही काही मिळत नाही, आणि तंत्रज्ञाच्या फेरीचे पैसे जातात.

लाइट गेल्यावरचा हिशेबही करा. 150 एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीतून 1,200 वॅट-तास हाती लागतात असं धरलं, तर 100 वॅटची डिश 12 तास चालेल. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की, वीज कडाडण्याआधीच, प्लग आणि केबल दोन्ही काढा. अर्थिंग कातळात धरत नाही, न्हाणीचं पाणी मुरतं त्या ओल्या जागी घ्या.

आभाळ उघडलं तरी सिग्नल येत नसेल तर आधी केबलचा बाहेरचा जोड उघडा. आतल्या तांब्यावर हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलेलं आहे. काळी पडलेली केबल कापा, नवा कनेक्टर बसवा, वर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि जोडाखाली केबलला झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.