खळ्यातला कॅमेरा एकदाचा जोडला गेला, भानगड वायफायच्या चॅनल १३ ची होती

सापडलं बुवा! नवीन फायबर आल्यापासून खळ्यातला कॅमेरा जो रुसला होता तो काल संध्याकाळपासून चालूये आणि आज सकाळी लाइट जाऊन आल्यावरही स्वतःहून परत आला, हे जास्त महत्त्वाचं.

नवीन राउटरला नाव न् पासवर्ड जुनेच दिले होते, अक्षर न् अक्षर तेच, म्हणजे कॅमेऱ्यांना राउटर बदलल्याचं कळतही नाही. राउटर बदलताना पहिले हेच करा, निम्मं काम वाचतं. गेटवाला आणि गच्चीवाला लगेच आले. खळ्यातला काही येईना.

आधी राउटरचं स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सेटिंग) बंद करून २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ वेगळे केले, कारण हा कॅमेरा २.४ वरच चालतो. मग वायफायची सिक्युरिटी (पासवर्ड तपासायची पद्धत) जुनी-नवी, म्हणजे डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३, मिक्स होती ती साधी डब्ल्यूपीए२ केली, सेव्ह केलं, राउटरचा वायफाय परत चालू झाला आणि कॅमेरा आला! डब्ल्यूपीए३ २०१८ चं, कॅमेऱ्याचं फर्मवेअर जुनं, तेव्हा संशय तिकडेच गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली, आली, आणि हा परत गायब. आप्पा चहा घेता घेता विचारताय, "चालू व्हयना का रे तो?" काय सांगणार!

मग रीसेट. शिडीवर चढून बटण दाबून धरलं, पण दुपारच्या उन्हात मोबाइलवरचा क्यूआर त्याला दिसेचना. खाली धाकट्याला काळी छत्री घेऊन उभं केलं, सावलीत एका फटक्यात वाचला! क्यूआर वाचतो, टुंग वाजतो, आणि नेटवर्क सापडत नाही म्हणतो. मोबाइलचा हॉटस्पॉट त्याच नावाने, त्याच पासवर्डने लावला तर जोडला गेला. म्हणजे कॅमेरा ठणठणीत, सिग्नलही पोचतोय, मोबाइल तिथे मस्त चालतो.

शेवटी मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर (कोणता वायफाय कोणत्या चॅनलवर आहे ते दाखवणारं अ‍ॅप) उघडून राउटरकडे बघितलं तर चॅनल १३. तिथेच ट्यूब पेटली. चॅनल ऑटोवर होता, राउटर चालू झाला की आजूबाजूला बघून मोकळी जागा धरतो, आमच्या गल्लीत १, ६ आणि ११ वर सगळ्यांची गर्दी, मग हा जाऊन बसतो १३ वर. भारतात १३ चालतो, अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच वापरतात, आणि ऑनलाइन घेतलेला हा कॅमेरा तिकडच्या रीजनचा आहे, १२ आणि १३ तो शोधतच नाही. सेटिंग बदलल्यावर आला तेव्हा राउटरने नशिबाने खालचा चॅनल धरला होता. चॅनल ६ फिक्स केला, रुंदी ४० ची २० मेगाहर्ट्झ केली, झालं. बाकीचे दोन जळगावला गोलाणी मार्केटमधून हातात बघून घेतलेले, त्यांना १३ चा काही त्रास नाही. माझं मत पक्कं झालंय, कॅमेरा पेटीवरचा रीजन वाचूनच घ्यायचा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

फ्रिगेटचं (पीसीवरचं कॅमेरे रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) काम किरकोळ निघालं. जुना राउटर १९२.१६८.१ चे पत्ते द्यायचा, नवीन १९२.१६८.० चे देतो, त्यामुळे त्याच्या कॉन्फिगमधल्या आरटीएसपी लिंका (ज्यांवरून कॅमेऱ्याचा व्हिडिओ येतो) सगळ्या मेल्या होत्या. तिन्ही कॅमेऱ्यांना मॅक (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर) वरून राउटरमध्ये पत्ते राखून दिले, लिंका बदलल्या, रेकॉर्डिंग सुरू. कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाकायचा विचार होता तो सोडला, तिथे सहसा आयसोलेशन असतं, म्हणजे बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवतात, फ्रिगेटला ते दिसणारच नाहीत.

आता कापूस घरात यायच्या आत खळ्यात वायफायच नको, थेट केबल. अंतर साठेक मीटर, कॅट सिक्सच्या १०० मीटरच्या मर्यादेत बसतं, पीओईने (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) पॉवरही त्याच वायरीतून जाईल, आणि उंदरांपासून वाचवायला ठिबकचा जुना सबमेन पाइप पडलाच आहे. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, दोन इमारतींच्या मध्ये एवढं तांबं टाकायचं आणि पावसाळ्यात वीज कडाडली तर स्विच, पीसी सगळंच जाईल. त्यापेक्षा त्याच पाइपातून फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारी डबी), खळ्यात पॉवर तर आहेच. म्हणजे पीओई स्विचची ऑर्डर थांबवतो. कोणी बाहेरून फायबर ओढलं असेल तर कन्व्हर्टर कोणता घेतला आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या उन्हात टिकला का, ते सांगा.