रॅम्बलिन रेक आणि ठाण्याचा पावसाळा

अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठाची ओळख म्हणजे १९३० ची फोर्ड मॉडेल ए स्पोर्ट कूपे, 'रॅम्बलिन रेक'. डीन जिम डल यांनी ती १९६१ मध्ये एका वैमानिकाकडून घेतली. ३० सप्टेंबर १९६१ ला राइस विद्यापीठाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात ती पहिल्यांदा मैदानात धावली. विद्यार्थ्यांनीच सांभाळलेली गाडी, हेच तिचं खरं मोठेपण.

ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजला अशी गाडी ठेवायची असेल, तर आधी तिचा स्वभाव समजून घ्यावा. चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती. बॅटरी ६ व्होल्टची आणि अर्थिंग पॉझिटिव्हला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पॉझिटिव्ह टोक जोडायचं! नेहमीच्या सवयीने उलटी जोडली की घोटाळा झालाच.

सुरू करताना स्टिअरिंगच्या डावीकडचा, ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवणारा स्पार्कचा दांडा पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. तो खाली राहिला आणि हँडल मारलं, तर उलटा झटका बसून मनगट मोडू शकतं. प्लगची गॅप ०.०३५ इंच.

पेट्रोलची टाकी काचेसमोर, कार्ब्युरेटरच्या वर. पेट्रोल पंपाशिवाय, वजनानेच उतरतं. म्हणून गाडी उभी केली की कॉक बंद करायचाच, नाहीतर गळती. खाडीकडच्या दमट हवेत इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नये: इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कोरडी करावी.

ब्रेक रॉडवर चालणारे, आजच्या ब्रेकइतके पटकन थांबवणारे नाहीत, त्यामुळे घोडबंदर रोडच्या गर्दीत ही गाडी नेऊच नये. कॉलेजचं आवार पुरे.