बाटल्या तीन की पाच?

ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक सलाईनच्या बाटल्या मोजतात. मागच्या आठवड्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काकांनी मला थांबवलंच, “म्याडम, आमच्या आईला तीनच बाटल्या, पलीकडच्या बाईला पाच. असं का ओ?” भूल देते मी, त्यामुळे सलाईनचा हिशेबही माझ्याकडेच असतो. सलाईन किती द्यायचं हे कसं ठरवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून मांडून दाखवते.

पहिल्या 10 किलो वजनाला तासाला किलोमागे 4 मिली, पुढच्या 10 किलोला 2, उरलेल्या प्रत्येक किलोला 1. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 40, 20 आणि 40, एकूण तासाला 100 मिली. हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांनी 1957 मध्ये लहान मुलांसाठी मांडलेल्या हिशेबातून हे आलं. 20 थेंबांचा एक मिली पडणारा सलाईनच्या नळीचा सेट असेल तर मिनिटाला साधारण 33 थेंब. मुलांच्या मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांचा मिली, त्यामुळे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच आकडा. रात्री तीन वाजता याची किंमत कळते.

मग उपाशी राहिल्याची भरपाई. निरोगी माणसाला साधं पाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालतं, पण सोलापूरच्या मे महिन्यात, 43 अंशांत, ‘रात्रीपासून काही नाही’ हे अक्षरशः पाळलेली आज्जी दुपारी दोनला टेबलावर येते. जीभ चामड्यासारखी. तिथं हात आखडून चालत नाही.

रक्त किती गेलं हे सूत्रात बसत नाही. रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीतलं दिसतं, रक्त टिपायच्या कापडी मॉपमध्ये मुरलेलं दिसत नाही. म्हणून सिस्टर भिजलेले मॉप काट्यावर ठेवते, कोरड्याचं वजन वजा करते. एक ग्रॅम म्हणजे ढोबळ एक मिली. टॉवेल किती पाणी पितो हे आपल्या गावाला काय सांगायचं!

शिकत असताना मी 45 किलोच्या एका आजोबांना सगळं पुस्तकाप्रमाणे दिलं. तासाचे 85, दहा तास उपाशी म्हणून 850, पोट उघडलं म्हणून किलोमागे तासाला आणखी 8. तीन तासांत जवळपास 2200 मिली. बेरीज बिनचूक होती. संध्याकाळी आजोबा उशीला टेकून धापा टाकत होते, जास्तीच्या पाण्यामुळे छातीत बुडबुडे ऐकू येत होते. लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलं, लघवीची पिशवी भरत गेली, पहाटे त्यांना झोप लागली. मला नाही.

तेव्हापासून पोट उघडल्याचे ते 8 मी धरतच नाही. उलट टोकही नको: 2018 मध्ये जवळपास 3000 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला मोजकंच सलाईन मिळालेल्यांच्या किडनीला जास्त इजा झाली. म्हणून सूत्रावर सुरुवात करते आणि मग नाडी, बीपी, लघवीची पिशवी बघत राहते. तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी आली की जरा निवांत.

काकांच्या आईचं वजन 41 किलो, दुर्बिणीतून पित्ताशय काढलेलं, रक्त चमचाभर. पलीकडची बाई 78 किलोची, गर्भाशयाची पिशवी काढलेली, मॉप भरपूर भिजलेले. काकांनी ऐकून घेतलं. “म्हणजे कापडाच्या पन्ह्याप्रमाणं सूत की,” म्हणाले, आणि लगेच, “मग चहा कधी पाजायचा?”