बूटलोडरचे दार कोणी लावायचे?

मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे उपकरणाच्या आतल्या छोट्या संगणक-चिपला, वीज मिळाल्यावर सर्वांत आधी जो प्रोग्राम चालतो तो बूटलोडर, आणि त्याच्यावर पुढच्या सगळ्या सुरक्षेचा भार असतो. नंतर चालणारे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाचे मुख्य सॉफ्टवेअर, अस्सल आहे की नाही हे तोच तपासतो आणि एन्क्रिप्ट केलेले फर्मवेअर उलगडण्याची गुप्त किल्लीही बहुधा त्याच्याच जवळ असते. अडचण अशी की हा प्रोग्राम सुरुवातीला प्रोसेसरला वाचता आलाच पाहिजे, आणि काम संपल्यावर मात्र त्याच प्रोसेसरला तो दिसता कामा नये, कारण त्यानंतर चालणाऱ्या मोठ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुठे ना कुठे चूक राहिलेली असतेच, आणि त्या चुकीतून आत शिरणाऱ्याला किल्ली आयती मिळते. गेली काही वर्षे मी हेच काम करतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की बूटलोडर ठेवलेल्या मेमरीचा खरा धोका ती उघडी असताना किंवा बंद असताना फारसा नसतो. तो असतो दार लावण्याच्या, म्हणजे ती मेमरी बंद करण्याच्या, त्या एका क्षणी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २००१ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स हा गेम कन्सोल. त्यात साउथब्रिज या जोडचिपच्या आत अवघ्या ५१२ बाइटची गुप्त रॉम, म्हणजे न बदलता येणारी मेमरी, होती आणि ती ४ गिगाबाइट पत्त्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला बसवलेली होती. फ्लॅश मेमरीमधला पुढचा बूटलोडर आरसी४ या एन्क्रिप्शन पद्धतीने उलगडायचा आणि मग रॉम स्वतःलाच अदृश्य करणार, अशी योजना होती. २००२ मध्ये हार्डवेअर संशोधक अँड्र्यू हुआंग यांनी साउथब्रिज आणि प्रोसेसरला जोडलेली नॉर्थब्रिज चिप यांच्यामधल्या तारांवरून जाणारे बाइट टिपले आणि किल्ली हाती आली. रॉम चिपच्या आत लपवली होती, पण प्रोसेसरपर्यंतची तिची वाट उघड्यावरून जात होती.

मला मात्र त्याच रॉममधली दुसरी चूक अधिक शिकवून गेली. उलगडलेल्या बूटलोडरची तपासणी फसली तर रॉमने स्वतःला बंद करून प्रोसेसर थांबवायचा होता. पण बंद झालेल्या रॉममधून थांबण्याची आज्ञा वाचणार कशी? म्हणून बंद करण्याची आज्ञा पत्त्यांच्या शेवटच्या बाइटपाशी ठेवली होती, म्हणजे पुढे पत्ताच उरणार नाही आणि प्रोसेसर चूक दाखवून थांबेल. प्रत्यक्षात प्रोसेसर न थांबता शून्य पत्त्यावर, म्हणजे रॅममध्ये, जाऊन तिथे जे असेल ते चालवू लागला. रॉम सुरुवातीला फ्लॅशमधल्या ज्या प्राथमिक आज्ञा पाळत असे त्यांची तपासणी होत नसल्यामुळे त्यांच्या मदतीने तिथे आपला कोड आधीच लिहून ठेवता येत असे.

आजच्या चिपमध्ये हाच प्रश्न अधिक नीट हाताळलेला दिसतो. एसटी कंपनीच्या एसटीएम३२जी० या मायक्रोकंट्रोलर मालिकेतल्या काही चिपमध्ये फ्लॅशच्या सुरुवातीची काही पाने सुरक्षित विभाग म्हणून राखता येतात. किती पाने हे ऑप्शन बाइटमध्ये, म्हणजे चिपच्या सेटिंगसाठी राखलेल्या जागेत, ठरते, आणि एक नियंत्रक बिट चढवला (१ केला) की पुढच्या रीसेटपर्यंत त्या विभागातून वाचणे, लिहिणे, पुसणे आणि आज्ञा चालवणे, सगळेच नाकारले जाते. पण तो बिट चढवणारा कोडच त्या विभागात असेल, तर पुढच्याच आज्ञेला प्रोसेसरच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून दार बाहेर उभे राहून लावावे लागते: एक तर ते छोटे फंक्शन रॅममध्ये नेऊन चालवायचे, नाहीतर त्यासाठी कंपनीने सिस्टिम मेमरीत ठेवलेले तयार फंक्शन वापरायचे. त्याआधी इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे इशारे, बंद करणेही तितकेच आवश्यक आहे, कारण अशा इशाऱ्यावर कुठे जायचे ते सांगणारी यादी (व्हेक्टर टेबल) अजून बंद विभागाकडे बोट दाखवत असेल तर पहिलाच इंटरप्ट सगळे कोसळवतो.

एवढे सगळे नीट केल्यानंतरही एकदा मी चुकलो होतो. एका बोर्डावर अ‍ॅप्लिकेशनच्या पहिल्याच आज्ञेवर डीबगरने (चिपच्या आत डोकावण्याच्या साधनाने) प्रोसेसर थांबवून मी सहज रॅम पाहिली, तर स्टॅकच्या, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीच्या, जुन्या जागेत किल्लीचे १६ बाइट जसेच्या तसे पडलेले होते. फ्लॅशचे दार घट्ट लागले होते आणि किल्ली उंबऱ्यावरच राहिली होती. कोडमध्ये ती जागा मेमसेट या फंक्शनने पुसलेली होती, हे मी दोनदा वाचून पाहिले. पण फंक्शन संपल्यावर ते चल (व्हेरिएबल) कोणी वाचतच नसल्याने कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, ते पुसणे निरर्थक समजून काढून टाकले होते. डिसअसेंब्ली, म्हणजे तयार झालेल्या यंत्रआज्ञांची यादी, पाहिली तेव्हाच ते लक्षात आले.

आता किल्ली पुसताना मी व्होलाटाइल पॉइंटरने, म्हणजे कंपायलरला वगळता येणार नाही अशा पद्धतीने, एकेक बाइट शून्य करतो, आणि प्रत्येक आवृत्तीच्या वेळी डीबग उघडे असलेल्या वेगळ्या बोर्डावर सहज ओळखू येईल अशी खोटी किल्ली घालून, दार लागल्यानंतरची संपूर्ण रॅम उतरवून घेतो आणि तिच्यात ते १६ बाइट शोधतो. अख्ख्या किल्लीइतकेच तिचे चार-चार बाइटांचे तुकडेही, कारण एन्क्रिप्शनच्या लायब्रऱ्या किल्लीपासून तयार केलेल्या उपकिल्ल्या स्वतःच्या रचनेत जपून ठेवतात, आणि एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीतली पहिली उपकिल्ली म्हणजे मूळ किल्लीच असते.