ऐंशी गुंठे आणि पाच बिऱ्हाडं

वाईला आमच्या घरात पाच बिऱ्हाडं होती. पुढच्या सोप्यात आम्ही, माडीवर काका-काकू, मागच्या दोन खोल्यांत शाळेतले एक मास्तर, परसाकडे पोस्टमन आणि जिन्यालगतच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या नर्सबाई. सगळी जागा मिळून चार गुंठे, आडासकट. आता मी राहते त्या गावात एक घर बांधायचं तर दोन एकर जमीन लागते. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, एवढ्यात आपली अख्खी आळी मावेल की!"

हे गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर काउंटीत. वस्ती पाच-साडेपाच हजार. एक लायब्ररी, एक अग्निशमन केंद्र, नदीकाठी बंद पडलेली विटांची कापडगिरणी. सिग्नल एकही नाही. एकोणीस वर्षं आम्ही इथे आहोत आणि हे गाव मला मनापासून आवडतं. म्हणूनच गेलं दीड वर्ष झोनिंगच्या, म्हणजे गावातल्या कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या, प्रत्येक बैठकीला मी जाऊन बसले.

२०२१च्या जानेवारीत तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी एका कायद्यावर सही केली. बोस्टनच्या लोकल गाड्या आणि बसगाड्या चालवणारी संस्था म्हणजे एमबीटीए. तिच्या सेवाक्षेत्रातल्या आणि लगतच्या १७७ गावाशहरांनी निदान एक पट्टा असा आखायचा, की तिथे एका इमारतीत तीन किंवा जास्त घरं बांधायला खास परवानगीची विनवणी करावी लागणार नाही. एकरी किमान १५ घरं. वयाची अट नाही, लहान मुलं असलेल्या कुटुंबांना राहता येईल अशी घरं. आमच्या गावात स्टेशन नाही, पण शेजारच्या गावात आहे, म्हणून आमचंही नाव यादीत. आमच्यासारख्या लहान गावांना सवलत एवढीच, की गावातल्या एकूण घरांच्या पाच टक्के घरं मावतील असा पट्टा पुरे आणि मुदत २०२५च्या अखेरपर्यंत. घरं बांधाच असं कायदा कुणालाही म्हणत नाही. कुणी बांधायला आलं तर नकाशाने त्याला अडवू नये, एवढंच.

तरीही गावात वादळ उठलं. बोस्टनलगतच्या मिल्टनमध्ये फेब्रुवारी २०२४मध्ये लोकांनी मतदान करून मंजूर झालेला पट्टा रद्द केला होता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कायदा घटनेला धरून आहे, तो पाळावाच लागेल. नियमावली काढताना सरकारने रीतसर पद्धत पाळली नव्हती, म्हणून तेवढी ती पुन्हा काढायला लावली. आमच्याकडे काही मंडळींनी त्यातला दुसराच भाग उचलला आणि "कायदा पडला" असं सांगत फिरली.

बैठकीत जे बोललं गेलं त्यातलं बरंच ऐकवत नव्हतं. "भाडेकरूंना गावाची माया नसते," असं एक गृहस्थ म्हणाले. मला जिन्यालगतच्या नर्सबाई आठवल्या. माझ्या धाकट्या भावाला रात्री दीड वाजता फेफरं आलं तेव्हा अनवाणी धावत आलेल्या. त्या भाडेकरूच होत्या.

हा तिटकारा जुना आहे. जमिनीचे असे विभाग पाडणं वैध आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात ठरवलं. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला बांडगूळ म्हटलं आहे. शेजारच्या मोकळ्या जागेवर आणि चांगल्या वातावरणावर जगणारं बांडगूळ. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. शंभर वर्षं होत आली आणि आमच्या शाळेच्या हॉलमध्ये तोच शब्द, फक्त सौम्य करून, फिरत होता.

मात्र एक भीती खरी होती आणि ती माझीही होती. पाण्याची. इथे जवळजवळ प्रत्येक घराची स्वतःची बोअर आणि स्वतःची सेप्टिक टाकी. ड्रेनेजची लाईन फक्त गावाच्या मध्यात, शेजारच्या शहरातून आलेली. सुरुवातीला पाण्याच्या काळजीने विरोधाच्या अर्जावर मीसुद्धा सही केली होती. मग राज्याची सेप्टिकची नियमावली, जिला इथे सगळे टायटल फाइव्ह म्हणतात, ती काढून बसले. मी फार्मसिस्ट आहे, मोजमाप हेच माझं रोजचं काम.

नियम सांगतो, दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन सांडपाणी धरायचं. शोषखड्डा आणि बोअर यांच्यात किमान १०० फूट अंतर. आणि बोअर व सेप्टिक दोन्ही एकाच जागेत असतील, तर नव्या बांधकामाला एकरी ४४० गॅलनची मर्यादा. म्हणजे एकरी चार बेडरूम. एकरी १५ घरं, प्रत्येकी दोन बेडरूम धरल्या तर होतात ३० बेडरूम आणि ३,३०० गॅलन. सांडपाण्यातला नायट्रोजन कमी करणारी यंत्रणा बसवली तर थोडी सवलत आहे, स्वतंत्र प्रक्रिया केंद्र बांधलं तर आणखी, पण वीसेक घरांसाठी तो खर्च कोणता बिल्डर करील?

हे गणित मी पहाटेपर्यंत तीनदा केलं, कारण त्यातून दोन गोष्टी निघत होत्या. एक, आमच्या बोअरना धोका नव्हता. झोनिंग बदललं तरी सेप्टिकचा नियम जागचा हलत नाही. आणि दुसरी गोष्ट कळली तेव्हा मला राग आला. पहिल्या नकाशात पट्टा दाखवला होता टेकडीच्या कडेच्या सफरचंदाच्या बागेवर. तिथे ना ड्रेनेज, ना नळाचं पाणी. म्हणजे कागदावर एकरी १५ घरं आणि जमिनीवर एकही नाही. हे चुकून झालं की समजून, ते मी सांगू शकत नाही. पण अशाने कायद्याची अट पुरी झाली असती आणि गावात एक दार वाढलं नसतं.

माझ्या शेजारच्या आजी ७८ वर्षांच्या. चार बेडरूमचं घर, दोन एकर, बर्फ काढायला माणूस मिळत नाही, गुडघे जिना चढू देत नाहीत. त्यांना दोन खोल्यांचं घर हवंय, पण याच गावात. लायब्ररीत त्यांनी तीस वर्षं काढली, दफनभूमीत त्यांचे यजमान आहेत. आणि गावात भाड्याने घेण्याजोगं लहान घर एकही नाही. आमच्या प्राथमिक शाळेतली तरुण शिक्षिका चाळीस मिनिटं गाडी चालवून येते. आजींचं मोठं घर एखाद्या मुलाबाळांच्या कुटुंबाला मिळालं असतं, आजींना लहान घर मिळालं असतं. सगळं अडलंय त्या ८० गुंठ्यांपाशी.

प्लॅनिंग बोर्डाच्या जाहीर सुनावणीत मी तीन मिनिटं बोलले. हात थरथरत होते. वाईच्या आडाविषयी बोलायचं ठरवलं होतं, पण शेवटी फक्त आकडे वाचले आणि विचारलं, "पट्टा गिरणीच्या जागेवर का नाही?" तिथे ड्रेनेजची लाईन शंभर पावलांवर आहे. पुढच्या बैठकीत एक निवृत्त प्लंबर उठून तेच म्हणाले, माझ्याहून चांगल्या शब्दांत. हिवाळाभर त्यावर खल झाला आणि मार्चमध्ये नकाशा बदलला.

मे २०२५ची टाउन मीटिंग शाळेच्या जिममध्ये भरली. इथे गावचे कायदे नगरसेवक करत नाहीत, जमलेले मतदार करतात. माझा नवरा अजून ग्रीन कार्डवर, म्हणून तो मतदान नसलेल्यांच्या खुर्च्यांवर, दोरीच्या पलीकडे. मी अलीकडे, हातात रंगीत कार्ड. पूर्वी असल्या बदलाला दोनतृतीयांश मतं लागायची. त्याच २०२१च्या कायद्याने घरबांधणीच्या अशा ठरावांना साधं बहुमत पुरेसं केलं. ते नसतं तर आम्ही हरलो असतो, कारण कार्डं दोनदा मोजावी लागली.

ठराव आता राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तपासणीला गेला आहे. गिरणीच्या मालकाने अजून काहीच ठरवलेलं नाही. रविवारी आजी म्हणाल्या, चल, बघून येऊ. मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. कुलूपबंद दारापुढे त्या काठी टेकून उभ्या राहिल्या, वर खिडक्यांच्या रांगांकडे पाहिलं, मग खाली.

"तीन पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "कठडा लावायला सांग त्यांना."