तीन आण्यांत दोन मैल

सुरतेत ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लागला तेव्हा पहिल्या खेळाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला होता, असं सांगतात. तिथे लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारी नाटकं बघायची सवय. त्यात हा तासाभरात आटोपणारा खेळ, आणि त्याचे तीन आणे! थिएटरवाल्याने दर उतरवायला सांगितलं. दादासाहेब फाळक्यांनी दराला हात लावला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! गल्ला तीनशे रुपयांवर गेला.

मी या जाहिरातीचा हिशेब करून पाहिला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे साधारण ५९ हजार फोटो झाले. फाळक्यांनी लिहिलेला आकडा फुगवलेला नव्हता, उलट थोडा कमीच होता. मैलांचं मात्र तसं नाही. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. मैल ताणायला नको होते असं मला वाटतं, सत्तावन्न हजारांनीच काम झालं असतं. पण या जाहिरातीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. फाळके स्वतःबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. लंडनला जाऊन शिकून आलो, घरच्यांचे दागिने गहाण पडले, यातलं काहीच नाही. समोरचा माणूस करमणूक तासांवर मोजतो आणि पैसे आण्यांत, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच मापात त्याला उत्तर दिलं.

मी पुण्यात मराठी चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करते. माझं खरं शिक्षण झालं ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, वडिलांच्या छापखान्यात. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसेस आणि टॉकीजची हँडबिलं. शुक्रवारी चित्रपट बदलायचा, म्हणून त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी हँडबिलं तयार लागत. कागद सगळ्यांत स्वस्त, गुलाबी नाहीतर पिवळा. नट-नट्यांचे फोटो छापायचे तर ब्लॉक, म्हणजे फोटोचा ठसा, लागे आणि तो दर वेळी मिळेलच असं नाही, त्यामुळे सगळा भार शब्दांवर. ‘सहकुटुंब पाहण्यासारखा’, ‘लोकाग्रहास्तव आणखी एक आठवडा’, ‘दररोज तीन खेळ’. टॉकीजचे मॅनेजर चिठ्ठीवर मजकूर लिहून पाठवायचे आणि वडील तो जुळवता जुळवता बदलायचे. दिग्दर्शकाचं नाव लहान टाइपात जाई, खेळाची वेळ सर्वांत मोठ्या. शेवटच्या एसटीच्या आत खेळ सुटतो की नाही, हे वाड्या-वस्त्यांवरच्या माणसाला आधी कळायला हवं, असं ते म्हणत. मग ती हँडबिलं रिक्षात बसून गावभर फिरायची. भोंग्यावर गाणं, मध्येच पुकारा, आणि मागे कागद पकडायला धावणारी पोरं.

‘माहेरची साडी’ १९९१ साली आला. आमच्याकडे तो लागला तेव्हा वडिलांनी हँडबिलावर वरच्या ओळीत कुणा नटाचं नाव न घालता ‘माहेरवाशिणींसाठी’ एवढंच घातलं आणि खाली दुपारच्या खेळाची वेळ. दुपार हीच बायकांना घरातून निघता येईल अशी वेळ होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका आल्या. लेकी आल्या, सासवा आल्या, आणि डोळे पुसत बाहेर पडलेल्या बायकांनी पुढच्या आठवड्यात जावांना आणलं. त्यांनी ना पोस्टर पाहिलं होतं, ना वर्तमानपत्र. कुणीतरी वाचून दाखवलेला तो गुलाबी कागद आणि शेजारणीचा शब्द, एवढ्यावर त्या आल्या होत्या.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना ही गोष्ट कितीतरी आधी कळली होती. ते मुळात चित्रकार, आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत. पण त्याबरोबर चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिकाही त्यांनी काढल्या. पोस्टर भिंतीवर राहतं, पुस्तिका घरी जाते. ती घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या हातात पडते. पुढे टॉकीजबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या त्याही तशाच. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही गाणी पाठ असत, आणि गाणं पाठ झालेला माणूस कधी ना कधी तिकिटाच्या खिडकीवर येतोच.

‘सैराट’च्या वेळी हेच घडलं, फक्त चोपडीची जागा मोबाईलने घेतली. चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला, ऐन लग्नसराईत. अजय-अतुलची गाणी त्याआधीच लोकांपर्यंत पोहोचली होती. आमच्या भागात वराती बेंजोवर निघतात आणि त्या उन्हाळ्यात एकाही बेंजोवाल्याची ‘झिंगाट’ वाजवल्याशिवाय सुटका नव्हती. निर्मात्याने कितीही पैसे मोजले तरी असं माध्यम विकत मिळत नाही. नवरदेवाचे मित्र नाचतात, त्यांचे व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर जातात आणि शुक्रवारी तीच पोरं एकाच गाडीतून टॉकीजला जातात. आमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपुरात रात्री बाराला आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. पहाटे तीनला लोक येतात ते होर्डिंग बघून नव्हे.

२०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ने पुन्हा बायकांना बाहेर काढलं. भिशीचे ग्रुप, सोसायटीतल्या मैत्रिणी, महिला मंडळं, सारख्या रंगाच्या साड्या, नऊवारी, गॉगल. थिएटरच्या आवारात फुगड्या झाल्या. सहा बहिणींची गोष्ट आणि मंगळागौरीची स्पर्धा, म्हणजे एकटीने बघायचा हा चित्रपटच नव्हे. त्यामुळे ‘कुणाबरोबर जायचं’ हे पहिल्या झलकेतच ठरून गेलं. माझ्या धंद्यातली बरीच मंडळी आता याचा अर्थ ‘बायकांसाठी काहीतरी काढा’ असा लावतात. मला ते पटत नाही. प्रेक्षक बाई आहे एवढ्याने काही होत नाही. तिला ओळीने आठ फोन करावेसे वाटले पाहिजेत, आणि ते फोन करायला तिच्याकडे एका वाक्याची गोष्ट हवी.

नेमकं तेच आज दिलं जात नाही. पैसे कशावर जातात ते मी रोज बघते. टीझरची घोषणा, मग टीझर, ट्रेलर लाँचला पाहुणे, मॉलमध्ये नाच, वाहिनीच्या कार्यक्रमात कलाकारांची हजेरी, पैसे देऊन करवून घेतलेल्या रील्स. या प्रत्येकात कलाकार दिसतात आणि प्रत्येकात ते म्हणतात, ‘आम्ही खूप मेहनत घेतली आहे, थिएटरमध्ये जाऊन बघा.’ मेहनत सगळेच घेतात, लाईटमनही घेतो. जुन्नरच्या शिक्षकाने शनिवारी दुपारी घर सोडून का यायचं, याचं उत्तर त्यात नाही. अलीकडे एका बैठकीत चाळीस स्लाइड्स दाखवल्या गेल्या आणि त्यांत प्रेक्षक ‘१८ ते ३५, शहरी’ एवढाच होता. मी विचारलं, हा माणूस चित्रपट बघून बाहेर पडल्यावर कुणाला फोन करेल आणि काय सांगेल? ते ठरवलेलंच नव्हतं.

दुसरा प्रश्न खेळांच्या वेळांचा आहे आणि तो निर्मात्याच्या एकट्याच्या हातात नाही. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, तरी सकाळी नऊ-सव्वानऊचा एकुलता एक खेळ वाट्याला आलेला मराठी चित्रपट मी अजूनही बघते. कुठल्या पडद्यावर किती खेळ, हे बहुतेक वेळा बुधवार-गुरुवारपर्यंत नक्की होत नाही. म्हणून पोस्टरवर ‘आपल्या जवळच्या चित्रपटगृहात’ असं छापलं जातं. ज्याच्या तालुक्यात एकच टॉकीज उरलं आहे, तेही अर्धा वेळ बंद, त्याने काय समजायचं?

म्हणून हल्ली मी माझ्या कामाच्या अटींमध्ये एक गोष्ट आधीच लिहून घेते. गुरुवारी रात्री खेळांच्या याद्या आल्या की प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं चित्र तयार करायचं, मोबाईलवर एका नजरेत वाचता येईल असं. गाव, टॉकीजचं नाव, वेळ, तिकिटाचा दर. वर चित्रपट कुणी कुणाबरोबर बघावा हे सांगणारी एक ओळ. कलाकारांचे चेहरे त्यात लहान होतात म्हणून दर वेळी वाद होतो आणि दर वेळी मी तो घालते. शुक्रवारी सकाळी ती चित्रं आधी बचत गटांच्या, शाळांच्या, तालमींच्या ग्रुपवर जातात. मोठ्या पेजेसवर नंतर.