तुम्ही विचारलंत म्हणून: वर्डप्रेसवर परत का येत नाही

"ताई, अजून त्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करता? वर्डप्रेस घ्या ना, मोबाईलवरून टाकता येतं." अमळनेरात, धुळ्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. आजीच्या गाण्यांची माझी वेबसाइट आधी वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर होती, आता ह्यूगो नावाच्या दुसऱ्या साधनावर आहे. भाचा तर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विचारतो. आजवर मी "सवय झाली" म्हणून विषय संपवत आले. ते खरं कारण नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

वर्डप्रेस वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चार त्यावर चालतात, त्या सगळ्यांना कळत नाही असं थोडंच आहे? २००९ मध्ये मीच ते निवडलं होतं आणि विचार करून निवडलं होतं. ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची सेवा फुकट होती, पण ती गूगलची. त्यांनी दार लावलं तर आपण बाहेर. मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या आणखी एका सॉफ्टवेअरने २००४ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा कित्येक लोक ते सोडून वर्डप्रेसकडे आले, हे मी वाचलं होतं. आणि वर्डप्रेस २००३ मध्ये उभं राहिलं तेच मुळी बी-टू नावाच्या रखडलेल्या प्रकल्पाच्या खुल्या कोडमधून. कोड सगळ्यांचा, म्हणजे कोणी सोडून गेलं तरी दुसरा कोणीतरी पुढे नेईल, असा माझा हिशोब. तो चुकला नाही. वर्डप्रेस आजही आहे. माझी गाणी मात्र त्या कोडमध्ये नव्हती, भाड्याच्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये होती. हा फरक तेव्हा माझ्या लक्षातच आला नाही.

गाणी म्हणजे आजीची. आखाजीची, खानदेशातल्या कानबाई देवीची, जात्यावरची. एकूण ६३. ती म्हणायची तशी, अहिराणीतच उतरवलेली. २०११ मध्ये आजी गेली.

२०१४ मध्ये होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायच्या मशीनचं भाडं, महाग झालं म्हणून मी कंपनी बदलली. सगळं हलवून देऊ म्हणाले, दिलंही. दुसऱ्या दिवशी दुपारी साइट उघडली. रंग तेच, चित्रं तीच, तारखा जागेवर. आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हं.

डेटाबेस हलवताना अक्षरसंच, म्हणजे कोणती अक्षरं साठवता येतील ती यादी, लॅटिन-१ हा ठेवला गेला होता. त्यात देवनागरीला जागा नाही. जे अक्षर बसत नाही, तिथे डेटाबेस प्रश्नचिन्ह ठेवतो. नुसता चिन्हांचा गोंधळ झाला असता तर बहुतेक वेळा तो उलटा फिरवता येतो, कारण खालचे बाइट शाबूत असतात. प्रश्नचिन्हामागे काहीच उरत नाही. जुन्या कंपनीने खातं पुसलं होतं. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर माझं फक्त पहिलं पान निघालं. वर्डप्रेसमध्ये सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय आहे. पाच वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. हा दोष माझा, तो मी कोणावर ढकलत नाही.

मग मी मोजायला बसले. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला एक प्रश्नचिन्ह. मधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम तसेच राहिले होते. म्हणजे ओळीचा सांगाडा हातात होता. पाच चिन्हं, मग जागा, मग तीन. पाच म्हणजे "आखाजी" असेल का? जुन्या कॅसेटी काढल्या. निम्म्यांच्या फिती चिकटल्या होत्या. आईला शेजारी बसवलं. ती गुणगुणायची, मी बोटांनी चिन्हं मोजायची. जमलं की दोघी थांबायचो. उन्हाळाभर हे चाललं, लाइट गेली की कागदावर. ६३ पैकी ४१ गाणी परत आली.

तीही पूर्ण खरी आहेत का? आजी "डोळा" कधी म्हणाली नाही, "डोया" म्हणायची. आमच्याकडे ळ चा य होतो. पण ड, ओकार, य, काना म्हणजे चार. ड, ओकार, ळ, काना म्हणजेही चारच. मी २००९ मध्ये तिचं तसंच ठेवलं होतं, की शिकल्या-सवरल्या नातीने सुधारून लिहिलं होतं? चिन्हं मोजून ते कळत नाही.

त्यानंतर मी ह्यूगो घेतलं. त्यात डेटाबेस नाही. एक गाणं म्हणजे एक साधी मजकूर-फाइल. त्या फाइलींवरून ह्यूगो पानं तयार करतं, ती मी सर्व्हरवर चढवते. फाइली माझ्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्ह धुळ्याला बहिणीकडे. पानाचा पत्ताही मी ठरवते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याला २०० खुणांची मर्यादा आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-मात्राही, नऊ खुणा खातं. "आखाजीच्या गाण्यांमधला माहेरचा झोका" याचा पत्ता "मा" वरच तुटायचा. हे कारण लहान आहे, पण मला ते खुपायचं.

ह्यूगोनेही त्रास दिला, तोही सांगते. २०१९ च्या शेवटी त्यांनी मार्कडाउन, म्हणजे फाइलीतल्या मांडणीच्या साध्या खुणा, वाचणारा भाग बदलला. मी आवृत्ती बदलली आणि कॅसेटीवरून घेतलेल्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या पानांवरून गायब झाल्या. एका सेटिंगने परत आल्या, पण ते सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या. त्या दोन्ही रात्री मी आधी फाइली उघडून पाहिल्या. अक्षर न् अक्षर जागेवर होतं.

भाच्याचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. "मावशी, उद्या तुला बरं नसलं तर यात नवीन गाणं कोण टाकणार?" वर्डप्रेस असतं तर आईनेसुद्धा फोनवरून टाकलं असतं. गेल्या वर्षी तिला एक गाणं पहाटे आठवलं. मी नाशिकला होते. तिने ते वहीत लिहून ठेवलं, पेन्सिलने. त्यात "डोया" आहे.